नेमाचे गायन : गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

इ. स. १९०१ च्या मे महिन्यातील गोष्ट. लाहोर शहरात ५ तारखेला एक संगीतशाळा उघडली. नाव ठेवले गांधर्व महाविद्यालय. फलक लागला, वर्गांच्या वेळा ठरल्या, तंबोरे जुळवून ठेवले गेले. परंतु विद्यार्थी काही येईना. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळा, परका मुलूख, परकी भाषा, आणि गाणे शिकणे हे घरंदाज माणसाचे काम नव्हे असा सार्वत्रिक समज. अशा स्थितीत शाळेचा चालक असलेला अठ्ठावीस वर्षांचा दक्षिणी ब्राह्मण रोज ठरलेल्या वेळी वर्गात येऊन बसे, तंबोरा घेई आणि समोर कोणी नसताना वर्गाची वेळ संपेपर्यंत गात राही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम. काही दिवसांनी एकदोघे डोकावले, मग चारदोन विद्यार्थी बसू लागले आणि पुढे वर्ग भरले.

विष्णु दिगंबर पलुसकरांच्या चरित्रातील हा प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रकारांनी आवर्जून सांगितला आहे, आणि ते योग्यच आहे. पंडितजींचा आवाज मोठा, कसदार आणि भरदार होता. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी कसून आत्मसात केली होती. परंतु आपल्या संगीताच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे, ते केवळ आवाजाने मिळालेले नाही. त्यांच्याहून अद्भुत गळ्याचे गवई त्या काळी होते. रिकाम्या वर्गातही वेळेवर जाऊन बसणारा गवई मात्र त्यांच्यापूर्वी फारसा कोणी पाहिला नव्हता. प्रतिभेला नेमाची जोड द्यावी लागते का, आणि दिली तर प्रतिभा उणावते का, हा प्रश्न कलाक्षेत्रात पुनःपुन्हा उभा राहतो. त्या प्रश्नाला पंडितजींनी आपल्या आयुष्याने दिलेले उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. पटवर्धनांच्या संस्थानांपैकी हे एक छोटे संस्थान. जवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ, मृदंग, आख्यान आणि पदे यांच्या सहवासातच मुलाचे बालपण गेले. पुढे पंडितजींच्या मैफलीत ख्यालानंतर भजन अपरिहार्यपणे येऊ लागले, त्याचे मूळ या घरात आहे. शिक्षण नीट चालले असते तर हा मुलगा इंग्रजी शिकून एखाद्या कचेरीत रुजू झाला असता. परंतु एका दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असताना फटाका तोंडाजवळ उडाला आणि दृष्टीला कायमची इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस आणले. दृष्टी पूर्ववत होण्याजोगी नव्हती. पुस्तकी विद्येचा मार्ग खुंटला, तेव्हा गळा चांगला आहे, गाणे शिकावे, असा विचार पुढे आला. अशा रीतीने आपत्तीतून हा मुलगा गायनाकडे वळला.

गुरू लाभले ते पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय ज्यांना निर्विवादपणे दिले जाते, ते हेच. त्यांनी स्वतः घरदार सोडून, पायी प्रवास करून, पडेल ते काम करून ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ही विद्या मिळविली होती. जे सहज मिळालेले नाही ते सहज द्यायचे नाही, हा त्या काळच्या गुरूंचा रिवाज होता. शिष्याने गुरुगृही राहावे, पाणी भरावे, पडेल ती सेवा करावी आणि गुरूंची लहर लागेल तेव्हा जे कानी पडेल ते टिपून घ्यावे, अशी ती पद्धत. विष्णुबुवांनी मिरजेत सुमारे नऊ वर्षे ही विद्या केली. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय असल्याने त्यांच्या वाट्याला पोटापाण्याची विवंचना आली नाही. मेहनत मात्र अपार केली. पहाटेचा षड्ज, तासन्‌तास पलट्यांचा रियाज आणि दिवसभर गुरूंच्या गाण्याकडे कान, असा तो क्रम होता.

या नऊ वर्षांत त्यांनी गायकी घेतली, त्याचबरोबर गायकांच्या आयुष्याचे निरीक्षणही केले. संस्थानी आश्रयाचा एक स्वभाव असतो. दरबारातील गवयाला वेळापत्रक नसते. सरकारस्वारीची मर्जी झाली की गायचे, मर्जी नसेल तर महिनोन्‌महिने बसून राहायचे. ज्याची वेळ दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून, त्याच्या अंगीही लहर मुरते. मैफल नऊची म्हणावी आणि बाराला सुरू व्हावी, यात कोणाला वावगे वाटत नसे. विद्या हे घरातले डबोले. ते शिष्यापुढे पूर्ण उघडायचे नाही. अस्ताई द्यायची, अंतरा राखून ठेवायचा. व्यसने तर इतकी सर्रास की निर्व्यसनी गवई हाच चमत्कार मानावा. गवयाच्या या अव्यवस्थेला लोक कौतुकाने प्रतिभेचे लक्षण म्हणत, आणि त्याच अव्यवस्थेमुळे त्याला आपल्या पंक्तीला बसवीत नसत.

हे दुसरे टोक विष्णुबुवांना एका प्रसंगाने जाणवले. मिरजेत एक सार्वजनिक समारंभ होता. गावातील प्रतिष्ठितांना निमंत्रणे गेली. राजाश्रयामुळे विष्णुबुवांनाही आले. परंतु बाळकृष्णबुवांना आले नाही. चौकशी केली तेव्हा ते काय, गवईच, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्या गुरूच्या पायाशी नऊ वर्षे बसलो, ज्याच्या विद्येला तोड नाही, त्याला गावच्या समारंभात बसायला जागा नाही, ही गोष्ट या शिष्याच्या मनाला फार लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. आश्रय होता, अन्नवस्त्र होते, पुढे दरबारी नेमणूकही चालून आली असती. ते सगळे मागे ठेवून ते बाहेर पडले. गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा हा हेतू मनाशी धरून पुढची पस्तीस वर्षे ते वागले.

येथे त्यांच्या एका समकालीनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ग्वाल्हेर गायकीचे आद्य पुरुष हद्दूखाँ यांचे पुत्र रहिमतखाँ यांना रसिकांनी भूगंधर्व म्हटले. त्यांच्या सुरेलपणाची कीर्ती आजही सांगितली जाते. परंतु वडिलांच्या पश्चात त्यांचे आयुष्य विस्कटले. मनाचा तोल गेला, अफूची सवय लागली, आणि हा थोर कलावंत दारोदार भटकू लागला. हद्दूखाँकडे गायन शिकलेले, सर्कशीमुळे विख्यात झालेले विष्णुपंत छत्रे यांनी गुरुपुत्राला शोधून काढून आपल्यापाशी ठेवले. छत्र्यांनी सांभाळावे, समजूत घालावी, शेजारी बसून गाते करावे, तेव्हा तो स्वर्गीय सूर लोकांच्या कानी पडे. एरवी खाँसाहेब केव्हा गातील, किती गातील, गातील तरी की नाही, याचा भरवसा नसे. विष्णुपंतांच्या मागे त्यांच्या बंधूंनी हे व्रत चालविले. १९२२ साली रहिमतखाँ निवर्तले ते कुरुंदवाडात, म्हणजे विष्णुबुवांच्याच जन्मगावी.

एकाच गायकीचे हे दोन कलावंत एकाच लहानशा गावाशी जोडले जावेत, हा योगायोग खराच. त्यांची तुलना करून एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरविणे अनुचित होईल. रहिमतखाँचा आजार हा दोष नव्हता, दुर्दैव होते. परंतु त्या दुर्दैवाने एक गोष्ट उघड केली. प्रतिभा कितीही दैवी असली तरी तिला सांभाळणारा एखादा छत्रे भेटला नाही तर ती रस्त्यावर नाहीशी होते; आणि प्रत्येक गवयाला छत्रे भेटत नाही. यास्तव कलावंताने आपला सांभाळ आपणच करायला शिकले पाहिजे. विष्णुबुवांच्या सगळ्या खटपटीमागे हीच दृष्टी होती.

मिरज सोडल्यावर ते औंध-साताऱ्यामार्गे बडोद्यास गेले. तेथे राणी जमनाबाईंनी त्यांच्या गाण्याचा गौरव केला. सयाजीराव महाराजांच्या या राजधानीत मौलाबक्ष यांच्या हातून १८८६ सालीच संस्थानी खर्चाने संगीतशाळा सुरू झालेली होती. गाणे शाळेत शिकविता येते, हे बडोद्याने आधीच दाखविले होते. विष्णुबुवांना मात्र राजाच्या खजिन्याशिवाय हे करून पाहायचे होते. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज यात विशेष वाटणार नाही. त्या काळी ती धीट गोष्ट होती. ज्याने चार आणे मोजले त्याला वेळेवर, ठरल्याप्रमाणे आणि पुरेपूर गाणे मिळाले पाहिजे, असा करार त्या तिकिटात गृहीत होता. दरबारी गवई एका धन्याला बांधलेला असे. तिकीट लावणारा गवई शेकडो अनोळखी माणसांना शब्द देतो. हा शब्द पाळण्याची सवय विष्णुबुवांनी स्वतःला लावून घेतली. जाहिरातीत छापलेली वेळ झाली की श्रोते मोजके असले तरी त्यांचे गाणे सुरू होई. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणे म्हणजे वेळेवर आलेल्यांचा अपमान, असे त्यांचे मत होते. कार्यक्रमही ते आखून करीत. एकच राग तासन्‌तास न आळवता ख्याल, तराणा, भजन अशी मांडणी करीत, म्हणजे जाणकारासह नवख्यालाही काही हाती लागे.

पुढे गिरनार, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर, अमृतसर अशी भ्रमंती झाली. गिरनारला एका साधूची भेट झाली आणि उत्तरेकडे जाण्याची प्रेरणा तेथे मिळाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मथुरेत त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, ध्रुपदे मिळविली. ज्या भाषेतील बंदिशी आपण गातो तिचा अर्थ गवयाला कळला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. कारण अनेक गवई ऐकीव शब्द तोंडी बसतील तसे म्हणत. ज्या बंदिशींचे शब्द घरातील मुलीबाळींसमोर म्हणणे शक्य नव्हते, त्यांच्या जागी त्यांनी भक्तिपर शब्द घातले. या बदलावर टीकाही झाली. परंतु गाणे कोठीवरून घरात आणायचे तर ही किंमत द्यावी लागेल, असे त्यांना वाटले.

अखेर ते लाहोरला स्थिरावले. महाविद्यालये, छापखाने, वृत्तपत्रे आणि सार्वजनिक संस्था यांनी गजबजलेले ते शहर होते. वर्गणी आणि जलसे यांच्या उत्पन्नावर त्यांनी गांधर्व महाविद्यालय उभे केले. सुरुवातीच्या त्या दिवसांतच वडिलांच्या निधनाची वार्ता आली आणि ती आल्यावरही त्यांनी नुकतीच मांडलेली शाळा सोडली नाही, असे सांगतात. मुलाचे कर्तव्य आणि संस्थेचे कर्तव्य यांतील ही निवड अनेकांना कठोर वाटेल. तिचे समर्थन करण्याची गरज नाही. ती त्यांच्या स्वभावाची खूण आहे.

शाळेची रचना त्यांनी बारकाईने केली. नऊ वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गवार पाठ, हजेरी, परीक्षा, पदव्या, पदवीदान समारंभ. कोणत्या वर्षी कोणते राग, किती बंदिशी, हे आधीच ठरलेले. पाठ लिहून ठेवता यावा म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके लिहिली, ती छापण्यासाठी छापखाना काढला, संगीतविषयक मासिक चालविले, वाद्ये दुरुस्त करण्याचा आणि बनविण्याचा कारखाना जोडला. स्त्रियांसाठी वेगळा वर्ग ठेवला. कुलीन स्त्रियांनी गाणे शिकावे हा विचारच ज्या काळी धाडसाचा होता, त्या काळची ही गोष्ट आहे. अभ्यासक्रम छापला गेला, याचा खरा अर्थ असा की गुरूच्या लहरीची जागा गुरूच्या वचनाने घेतली. शिष्य आता विचारू शकत होता, की या वर्षीचे पाठ पूर्ण झाले का.

सर्वांत महत्त्वाचा होता उपदेशक वर्ग. गरीब घरची, गळ्याची आणि निष्ठेची मुले निवडावीत, त्यांना अन्न, वस्त्र, निवारा आणि विद्या विनामूल्य द्यावी, आणि त्यांनी नऊ वर्षे शिकून पुढे ठिकठिकाणी गायनशाळा चालवाव्यात, अशी ही योजना. या मुलांचा दिवस पहाटे सुरू होई. रियाज, वर्ग, व्यायाम, पोशाख, जेवण, सर्वांना वेळ ठरलेली. पान-तंबाखूला बंदी. ही मुले गावात जात तेव्हा लोकांना आश्चर्य वाटे. गवई असूनही ही स्वच्छ, नीटनेटकी, सांगितल्या वेळी हजर. मिरजेत गुरूंच्या वाट्याला आलेल्या अपमानाचे उत्तर विष्णुबुवांनी असे शिष्यांच्या वागणुकीतून दिले.

१९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले आणि कार्याचे केंद्र हळूहळू तेथे सरकले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, सँडहर्स्ट रोडवर संस्थेची मोठी इमारत उभी राहिली. पंडितजींचे नाव देशभर झाले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकिनाडा येथे अध्यक्षस्थानी असलेल्या मौलाना महंमद अली यांनी त्या गायनाला हरकत घेतली, तेव्हाही ते गीत पूर्ण करूनच थांबले. साबरमतीच्या आश्रमासाठी गांधीजींना एक गायक हवा होता. पंडितजींनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे याला पाठविले. खरेशास्त्रींनी आश्रमाची प्रार्थना वर्षानुवर्षे सांभाळली, १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. पहाटेच्या अंधारात, रोज त्याच वेळी, टाळ्यांची अपेक्षा न ठेवता गाणारा असा गवई पंडितजींच्या शाळेतूनच निघू शकत होता.

आक्षेप घेणारेही होते, आणि ते सारेच अरसिक नव्हते. गाणे कागदावर उतरविले की त्यातील प्राण निघून जातो, असे कोणी म्हणत. मींड, कण, आंदोलने लिपीत बसत नाहीत, हे खरेच आहे. कोणी म्हणत की वर्गात पन्नास मुले बसवून एकही गवई तयार होत नाही; उत्तम गवई समोरासमोर बसूनच घडतो. शाळा मध्यम प्रतीचे गायक पुष्कळ निर्माण करील आणि असामान्य प्रतिभेला साच्यात घालून बोथट करील, अशी भीती होती. पंडितजींनी या टीकेतील सत्य नाकारले नाही. तानसेन शाळेत घडत नसतात हे ते जाणून होते. आपल्याला कानसेन घडवायचे आहेत, अशी त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. चांगले ऐकणारा समाज निर्माण झाला तर गाणाऱ्याला मान मिळेल, पोट भरेल, आणि मग कोठेतरी तानसेनही निपजेल, हा त्यांचा हिशेब होता.

प्रत्यक्षात जे घडले ते त्यांच्या अपेक्षेहूनही अधिक होते. त्यांच्या उपदेशक वर्गातून आणि सहवासातून जे शिष्य बाहेर पडले, त्यांतील कोणी दुसऱ्यासारखा नाही. ओंकारनाथ ठाकुरांचे गाणे भावनेच्या उत्कट आविष्काराचे. एका प्रकारे ते गुरूच्या चौकटीबाहेरच वाढले. विनायकराव पटवर्धनांचे गाणे लयीला पक्के, तराण्यात तेजस्वी. नारायणराव व्यासांचे गाणे आटोपशीर आणि सुबोध, म्हणून ध्वनिमुद्रिकांतून घरोघर पोहोचलेले. बा. र. देवधरांनी तर चिकित्सक दृष्टीने अनेक घराण्यांचे मर्म शोधले, आणि त्यांच्याच मुंबईच्या शाळेत कुमार गंधर्वांसारखा स्वतंत्र प्रतिभेचा गायक वाढला. साच्याने प्रतिभा मारली असती तर या परंपरेत इतकी विविधता दिसली नसती. शिस्तीने या सर्वांना एक समान गोष्ट दिली होती. त्यांपैकी कोणालाही दुसऱ्याने सांभाळून मैफलीला आणावे लागले नाही.

तथापि पंडितजींची कहाणी ही केवळ यशाची कहाणी नाही. वेळेचा हिशेब ज्यांनी काटेकोर ठेवला, त्यांना पैशाचा हिशेब जुळविता आला नाही. मुंबईची इमारत कर्जाने उभी राहिली होती. शंभर तोंडे विनामूल्य जेवत होती. छापखाना, कारखाना, शाखा यांचा खर्च वाढत होता. हा सगळा भार एका गळ्यावर होता. पंडितजींनी गावोगाव जलसे करायचे आणि ते उत्पन्न व्याजात घालायचे, असे वर्षानुवर्षे चालले. संस्थेची शिस्त उत्तम असली तरी तिचा आर्थिक पाया एकाच माणसाच्या श्रमावर टेकला होता. परिणाम व्हायचा तोच झाला. १९२४ च्या सुमारास धनकोंनी इमारत ताब्यात घेतली आणि तिचा लिलाव झाला. रिकाम्या वर्गात गाऊन जे उभे केले, ते असे डोळ्यांदेखत गेले.

त्याआधीच त्यांचे मन रामभक्तीकडे वळले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला होता. भगवी वस्त्रे, तुलसी रामायणाचे निरूपण आणि रामधून हाच आता त्यांचा दिनक्रम झाला. कित्येक चाहत्यांना याची खंत वाटे. एवढा मोठा गवई ख्याल सोडून कथा सांगत बसला, असे ते म्हणत. परंतु कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा आपल्या घरी परतला, असेही याकडे पाहता येईल. त्यातही नेम सुटला नाही. निरूपणाची वेळ ठरलेली असे आणि ती पाळली जाई. प्रकृती ढासळत गेली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. ज्या गावातून ते पस्तीस वर्षांपूर्वी गुरूच्या अपमानाची सल घेऊन निघाले होते, त्याच गावी त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ.

मागे राहिले काय? मुंबईची इमारत गेली होती. लाहोरची शाळा पुढे फाळणीच्या वावटळीत सापडायची होती. बँकेत पुंजी नव्हती. राहिले ते शिष्य. गुरूच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९३१ साली, अहमदाबादेत जमून त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय सुरू केले. पुढे सात भागांत राग-विज्ञान लिहून अभ्यासक्रमाला भक्कम आधार दिला. मंडळाच्या परीक्षा आजही होतात. आडगावातील मुलगी पेटीवर सरगम घोटून प्रवेशिकेला बसते, तेव्हा लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गातले वेळापत्रकच पुढे चालू असते. या परीक्षांतून पुष्कळ यांत्रिकपणा आला, हे मान्य केले पाहिजे. कागद हाती आला म्हणजे गाणे आले असे नव्हे. परंतु महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांतही मध्यमवर्गीय घरात तंबोरा आला, तो या वाटेने आला.

आणखी एक वारसा सांगितला पाहिजे, कारण त्यातच या चरित्राचे सार आले आहे. पंडितजींची आधीची अपत्ये अल्पायुषी ठरली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. जुन्या रिवाजात असे झाले असते तर घराण्याची विद्या वडिलांबरोबर चितेवर गेली असती, किंवा मुलगा चार घरी भटकून जे मिळेल ते वेचत बसला असता. रहिमतखाँचे उदाहरण काही जुने नव्हते. येथे तसे झाले नाही. विनायकराव आणि नारायणराव यांनी गुरुपुत्राला, आपणास जसे मिळाले तसे, काही राखून न ठेवता शिकविले. पाठ ठरलेले होते, बंदिशी लिहिलेल्या होत्या, आणि शिकविणारे वेळेवर येणारे होते. १९३५ साली चौदा वर्षांच्या या मुलाने जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात पहिली मैफल केली. त्याच पंजाबात त्याच्या वडिलांनी एकेकाळी विद्यार्थ्यांची वाट पाहिली होती.

दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा आवाज वडिलांसारखा भव्य नव्हता. तो कोवळा, स्वच्छ, प्रासादिक होता. त्यांच्या गाण्यात जे होते ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिता आले नसते. ऑक्टोबर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. तेवढ्या अल्प काळात त्यांनी गायिलेले ख्याल आणि भजने अजून लोकांच्या कानात आहेत. ती प्रतिभा त्यांची स्वतःची होती, ईश्वरदत्त होती. परंतु पित्याचा गळा बंद झाल्यावरही पित्याचे गाणे त्यांच्यापर्यंत पोहोचले, ते पित्याने घालून दिलेल्या नेमामुळे. नेमाने प्रतिभा निर्माण होत नाही. ती जन्माला येईपर्यंत विद्या जिवंत ठेवण्याचे काम मात्र नेमच करतो. विष्णु दिगंबरांनी हे काम आयुष्यभर केले, आणि ते करताना समोर कोणी बसले आहे की नाही, याची वाट पाहिली नाही.